राणीच्या नवऱ्याला काय म्हणायचं हे स्पेननं आत्ताच ठरवून टाकावं

स्पेनच्या गादीची वारस लेओनोर ३१ ऑक्टोबर २०२३ ला अठरा वर्षांची झाली आणि त्याच दिवशी तिनं माद्रिदला संसदेसमोर घटनेची शपथ घेतली. म्हणजे सगळं आत्ता दिसतंय तसंच राहिलं तर पुढेमागे स्पेनला स्वतःच्या हक्कानं गादीवर बसलेली राणी मिळणार, आणि अशी शेवटची राणी म्हणजे इसाबेल दुसरी, जिला १८६८ च्या क्रांतीत देश सोडून फ्रान्सला जावं लागलं होतं. दीडशे वर्षांच्यावर झालं त्याला. एवढ्या मोठ्या गॅपमध्ये स्पॅनिश भाषेला राणी म्हणजे राजाची बायको याचीच सवय झालीये, आणि राणीच्या नवऱ्याला काय म्हणायचं यावर आज सरकारी कागदावर जे लिहिलंय ते मला साफ चुकीचं वाटतं. ते बदलायला आत्ता वेळ आहे, घाई नाही, कुणाचं लग्न ठरलेलं नाही, म्हणून आत्ताच बोलावं.

आधी कागद बघू. स्पेनच्या राजघराण्यात कोणाला कुठला किताब आणि कोणाला काय म्हणून हाक मारायची हे ६ नोव्हेंबर १९८७ च्या एका शाही डिक्रीत, म्हणजे सरकारी हुकमात, लिहिलंय, पहिल्या काही कलमांत बहुतेक सगळं येतं. जी व्यक्ती गादीवर आहे ती 'रेय' किंवा 'रेइना', म्हणजे राजा किंवा राणी. राजाच्या बायकोला, लग्न टिकून असेपर्यंत किंवा ती विधवा राहील तोपर्यंत, 'रेइना' म्हणायचं आणि तिचा मान 'माहेस्ताद', म्हणजे इंग्रजीतलं 'मॅजेस्टी'. इथपर्यंत ठीक. पुढचंच वाक्य राणीच्या नवऱ्याचं आहे आणि तिथे त्याला 'प्रिन्सिपे'ची, म्हणजे राजपुत्राची, प्रतिष्ठा आणि 'आल्तेसा रेआल' (रॉयल हायनेस) हा मान दिलाय, जो माहेस्तादच्या एक पायरी खाली आहे. म्हणजे नातं तेच, लग्न तेच, घटनेतलं स्थानही तेच (ते किती तेच आहे ते खाली सांगते), पण बाई असेल तर वरचा शब्द आणि पुरुष असेल तर खालचा.

वरवर बघितलं तर कुणी म्हणेल की बरंच आहे की, इथे बाईला झुकतं माप दिलंय. तसं नाहीये. यामागचा विचार असा आहे की 'रेय' हा शब्द इतका जड आहे की तो जोडीतल्या पुरुषाला दिला तर लोक त्यालाच खरा राजा समजतील आणि गादीवरची बाई झाकली जाईल, उलट 'रेइना' हा शब्द हलका आहे, तो राजाच्या शेजारी कुणालाही देता येतो, त्यानं राजाचं काही कमी होत नाही. म्हणजे जिला झुकतं माप मिळाल्यासारखं वाटतं तिच्या शब्दाची किंमतच मुळात कमी धरलीये. आणि लेओनोर उद्या राणी झाली की हाच हलका धरलेला शब्द राष्ट्रप्रमुखाचा शब्द होणार.

त्याच डिक्रीच्या दुसऱ्या कलमात एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात जास्त खटकते आणि जिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात. गादीच्या वारसाला 'प्रिन्सिपे दे अस्तुरिआस' किंवा 'प्रिन्सेसा दे अस्तुरिआस' म्हणतात, आणि कलम सांगतं की वारसाच्या जोडीदारालाही तीच प्रतिष्ठा आणि तोच मान. इथे बाई-पुरुष असा भेद नाही, चक्क समान. म्हणजे लेओनोरनं गादीवर येण्याआधी लग्न केलं तर तिचा नवरा प्रिन्सिपे दे अस्तुरिआस होणार. मग ज्या दिवशी ती राणी होणार त्या दिवशी तो काय होणार, तर नुसता प्रिन्सिपे. बायको वर चढणार आणि याच्या किताबातलं 'अस्तुरिआस' गळून पडणार. तिच्या आईचं उलट झालं. लेतिसिया २२ मे २००४ ला लग्न करून प्रिन्सेसा दे अस्तुरिआस झाली आणि १९ जून २०१४ ला नवरा राजा झाल्याबरोबर रेइना. एकाच डिक्रीची दोन कलमं एकमेकांशी जुळत नाहीत, याला परंपरा म्हणून चालणार नाही, हे लिहिताना कुणी नीट विचार केला नव्हता एवढंच याचं कारण दिसतं.

आता कुणी म्हणेल शब्दांनी काय होतं, राजाला तिकडे अधिकारच नाहीत तर किताबावर एवढा ऊहापोह कशाला. स्पेनचाच विसाव्या शतकाचा इतिहास बघा. हुकूमशहा फ्रांकोनं १९४७ च्या कायद्यानं स्पेन हे राज्य आहे असं जाहीर केलं पण गादीवर राजाच नव्हता, आणि खरा दावेदार म्हणजे आल्फोन्सो तेराव्याचा मुलगा दोन हुआन ('दोन' हा स्पॅनिशमधला मानाचा शब्द, आकडा नव्हे), तो देशाबाहेर. जुलै १९६९ मध्ये फ्रांकोनं त्याच्या मुलाला, हुआन कार्लोसला, आपला वारस नेमलं. वारसासाठी किताब तयारच होता, १३८८ पासून चालत आलेला, प्रिन्सिपे दे अस्तुरिआस. तो दिला नाही. त्याऐवजी 'प्रिन्सिपे दे एस्पान्या' असा एक नवाच किताब काढला जो आधी कधी कुणाला मिळाला नव्हता. कारण साधं होतं, अस्तुरिआस म्हटलं की मुलगा बापाकडून वारसा घेतो असा अर्थ होतो आणि मग बाप राजा ठरतो. फ्रांकोला दाखवायचं होतं की ही राजेशाही जुन्या घराण्याची परत येणारी राजेशाही नाही, मी नव्यानं बसवलेली आहे. तिकडे त्यासाठी दोन वेगळे शब्दच वापरात होते, 'रेस्ताउरासिओन' म्हणजे जुनं परत आणणं आणि 'इन्स्ताउरासिओन' म्हणजे नवं स्थापणं. आणि दोन हुआन आयुष्यभर 'कोंदे दे बार्सेलोना' (बार्सेलोनाचा काउंट) हा किताब लावत राहिला, कारण तो गादीशी जोडलेला किताब आहे, तो लावणं म्हणजे न बोलता दावा सांगणं. हुआन कार्लोस नोव्हेंबर १९७५ मध्ये राजा झाला, जानेवारी १९७७ मध्ये त्याच्या छोट्या मुलाला, फेलिपेला, प्रिन्सिपे दे अस्तुरिआस केलं गेलं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात दोन हुआननं आपले हक्क सोडले. १९९३ मध्ये तो गेला तेव्हा त्याला राजाच्या मानानं निरोप दिला आणि एल एस्कोरिआलमध्ये, जिथे स्पेनचे राजे पुरले जातात, जागा दिली. बापलेकांमधला आणि हुकूमशाहीतला एवढा मोठा झगडा दोन-तीन किताबांच्या शब्दांमधून खेळला गेलाय. तेव्हा शब्दांनी काही होत नाही हे निदान स्पेनच्या बाबतीत तरी कुणी म्हणू नये.

बाईच्या बाबतीत तर हे आणखी जुनं आहे. १८८० मध्ये आल्फोन्सो बारावा राजा होता, राणीला दिवस गेले होते, आणि पंतप्रधान कानोवासच्या सरकारनं बाळ जन्मायच्या आधीच डिक्री काढून ठेवली की अस्तुरिआसचा किताब मुलग्यालाच. सप्टेंबरमध्ये मुलगी झाली, मारिया दे लास मेर्सेदेस, आणि ती नुसती 'इन्फान्ता', म्हणजे राजाची मुलगी, म्हणून नोंदली गेली. पुढच्या वर्षी सागास्ताचं सरकार आलं आणि त्यांनी तिला प्रिन्सेसा दे अस्तुरिआस केलं. मूल तेच, आईबाप तेच, गादीच्या रांगेतली तिची जागा तीच, पण एका पक्षासाठी ती इन्फान्ता आणि दुसऱ्यासाठी प्रिन्सेसा. नंतर १८८५ च्या नोव्हेंबरमध्ये राजा वारला तेव्हा राणी परत गरोदर होती, मग या पाच वर्षांच्या मुलीला राणी जाहीर करायचं की थांबायचं, तर थांबले, आणि मे १८८६ मध्ये मुलगा झाला तो जन्मतःच राजा, आल्फोन्सो तेरावा. मला या गोष्टीत त्या मुलीचं फार वाटतं, कारण तिच्या नावामागचा शब्द तिच्याबद्दल कधी काहीच सांगत नव्हता, कुठलं सरकार आहे आणि भाऊ येतोय का एवढंच सांगत होता.

भाऊ आला की बहीण मागे, हा नियम अजूनही आहे बरं का. १९७८ च्या घटनेचं ५७ वं कलम मुलग्याला आधी ठेवतं, म्हणूनच १९६३ ला जन्मलेली एलेना मागे राहिली आणि १९६८ चा फेलिपे राजा झाला. लेओनोरला भाऊ नाही म्हणून ती वारस. ते कलम बदलायला घटनेची सगळ्यात अवघड वाट धरावी लागते, दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश, मग संसद बरखास्त, निवडणूक, नव्या संसदेत परत दोन-तृतीयांश, आणि वर सार्वमत. कुठल्याही सरकारला त्यात हात घालायचं धाडस होत नाही हे समजू शकतं. पण राणीच्या नवऱ्याचा शब्द घटनेत नाहीच. घटनेचं ५८ वं कलम म्हणतं की 'रेइना कोन्सोर्ते' किंवा 'राणीचा कोन्सोर्ते' यांना घटनात्मक कामं करता येणार नाहीत, रीजन्सीचा (राजाच्या वतीनं दुसऱ्यानं कारभार पाहण्याचा) अपवाद सोडून. कोन्सोर्ते म्हणजे जोडीदार. बघा, दोघांना एकाच वाक्यात, एकाच बंधनात बांधलंय. राणीचा नवरा प्रिन्सिपेच असला पाहिजे असं घटना कुठेही म्हणत नाही. ते १९८७ च्या डिक्रीनं ठरवलं आणि डिक्री मंत्रिमंडळ एका बैठकीत बदलू शकतं.

माझं म्हणणं सरळ आहे. राजाची बायको 'रेइना कोन्सोर्ते', राणीचा नवरा 'रेय कोन्सोर्ते', दोघांनाही माहेस्ताद. शेपटीला लावलेला कोन्सोर्ते हा शब्द दोघांच्याही बाबतीत कागदावर सक्तीचा करावा, म्हणजे नुसतं रेय किंवा नुसतं रेइना म्हटलं की ती गादीवर बसलेली व्यक्ती, आणि कोन्सोर्ते लावलं की जोडीदार. आज पॅलेस लेतिसियाला नुसतं 'रेइना' म्हणतो. लेओनोर उद्या येईल तेव्हा तिलाही नुसतं 'रेइना' म्हणणार. आई आणि मुलगी एकाच शब्दात, आणि त्यातली एक लग्नामुळे आणि दुसरी राष्ट्रप्रमुख. हा घोळ फक्त नवऱ्यांचा नाहीये.

कास्तिल या स्पेनमधल्या जुन्या राज्यातल्या लोकांना हा फरक चांगला कळत होता. इसाबेल पहिली १३ डिसेंबर १४७४ ला सेगोव्हियामध्ये राणी म्हणून जाहीर झाली तेव्हा तिचा नवरा फेर्नांदो सारागोसाला होता, त्याला हे मागाहून कळलं आणि तो भयंकर चिडला. मग १४७५ च्या जानेवारीत सेगोव्हियाचा करार झाला, त्यात ठरलं की फर्मानांवर दोघांची नावं आणि त्याचं नाव आधी, पण ढालीवरची चिन्हं आधी कास्तिलची, म्हणजे तिची, आणि राज्य तिचं. तिच्यासाठी शब्द होता 'रेइना प्रोपिएतारिया', राज्याची मालकीण असलेली राणी. किती स्वच्छ शब्द आहे तो. फेर्नांदोला 'रेय' म्हटलं म्हणून इसाबेल झाकली गेली का? पाचशे वर्षांनंतर त्या जोडीतलं जास्त मोठं नाव कुणाचं आहे ते कुणालाही विचारा. इसाबेलच्या मुलीच्या, हुआनाच्या बाबतीत मात्र वाईट झालं, तिला तोर्देसियासला कोंडून ठेवलं आणि राज्य आधी बापानं मग मुलानं केलं, पण तिथेही १५१८ मध्ये वाय्यादोलिदला जमलेल्या प्रतिनिधींनी तरुण कार्लोसला बजावलं की कागदावर आईचं नाव आधी आलं पाहिजे. तिचा अधिकार त्यामुळे परत आला नाही हे खरं, पण ती राणी होती हे पुसलं गेलं नाही, आणि १५५५ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ती कागदावर राणी राहिली.

'रेय कोन्सोर्ते' म्हटलं की लोकांना लगेच इसाबेल दुसरीचा नवरा फ्रान्सिस्को दे आसिस आठवतो. १० ऑक्टोबर १८४६ ला, इसाबेलच्या सोळाव्या वाढदिवशी, हे लग्न लावलं गेलं, दोघं सख्खी चुलत भावंडं, आणि संसार कसा झाला ते सगळ्या युरोपला माहीत होतं. त्याला राजाचा मान आणि माहेस्ताद मिळालं होतं. ते लग्न फसलं म्हणून किताब वाईट, असा काहीसा सूर या विषयावर लिहिणाऱ्यांचा असतो. पण नीट बघा, त्या किताबामुळे त्याच्याकडे सत्ता गेली का? नाही गेली. सत्ता राणी, सेनापती आणि मंत्री यांच्यात फिरत राहिली. तो रेय होता आणि राज्य करत नव्हता, हे सगळ्यांना समजत होतं. उलट माझ्याच बाजूचा पुरावा आहे हा.

बाकीच्या देशांत नवऱ्याला प्रिन्सच म्हणतात हा दुसरा मुद्दा. म्हणतात खरं. पण डेन्मार्कमध्ये त्याचं काय झालं तेही बघावं. राणी मार्ग्रेथे १९७२ मध्ये गादीवर आली, नवरा हेन्रिक, त्याला प्रिन्स केलं, आणि राजाची बायको राणी होते तर राणीचा नवरा राजा का नाही हा प्रश्न तो उघडपणे विचारत राहिला. २०१७ मध्ये त्यानं जाहीर केलं की मला बायकोशेजारी रोस्किल्डच्या कॅथेड्रलमध्ये पुरू नका. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो गेला, अर्धी रक्षा समुद्रात आणि अर्धी फ्रेडेन्सबोर्गच्या बागेत. लोक त्याला हट्टी म्हणाले, पण प्रश्न त्यानं बरोबर विचारला होता आणि त्याला सरळ उत्तर कुणी दिलं नाही. ब्रिटनमध्ये उलट बाजूनं हेच झालं, २००५ मध्ये सांगितलं गेलं की कॅमिला प्रिन्सेस कन्सॉर्ट म्हणवून घेईल, २०२२ मध्ये तेच क्वीन कन्सॉर्ट झालं, आणि २०२३ च्या राज्याभिषेकापासून नुसतं क्वीन. स्पॅनिश पेपरांनी त्या काळात 'रेइना कोन्सोर्ते कामिला' असं रोज लिहिलं, कुणाला जड गेलं नाही. परक्या राणीला जो शब्द चालतो तो घरच्या राणीला का चालू नये.

आता 'एमेरितो'. २ जून २०१४ ला हुआन कार्लोसनं गादी सोडायचं जाहीर केलं, १३ जूनला त्या जुन्या डिक्रीत भर घालून ठरवलं की तो हयात असेपर्यंत 'रेय' हा किताब मानाखातर वापरेल, आणि १९ जूनला फेलिपे सहावा राजा झाला. डिक्रीत शब्द आहे 'ओनोरिफिको', मानाखातर. पण पेपरांनी आणि टीव्हीनं पहिल्याच दिवसापासून 'रेय एमेरितो' सुरू केलं, कारण आदल्याच वर्षी पोप बेनेडिक्ट सोळाव्यांनी पद सोडलं होतं आणि 'पापा एमेरितो' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी ताजा होता. एमेरितो म्हणजे चांगल्या सेवेबद्दल निवृत्तीनंतर मान मिळवलेला माणूस, आपल्याकडे प्रोफेसर एमेरिटस असतात तसा. म्हणजे या शब्दात शिफारस आहे, सेवा चांगली झाली असं आधीच गृहीत धरलंय. मार्च २०२० मध्ये स्वतः मुलानं बापाचा सरकारी भत्ता बंद केला आणि त्याच्याकडून येणाऱ्या वारशावर पाणी सोडलं, ऑगस्टमध्ये बाप देश सोडून अबुधाबीला गेला, आणि तरी बातमीत तो एमेरितोच. आता तर नाव पण लावत नाहीत, नुसतं 'एल एमेरितो'. जे लोक त्याच्यावर टीका करतात तेही हाच शब्द वापरतात. मला हे पटत नाही. पत्रकारानं तरी राजाला असं सर्टिफिकेट वाटू नये. 'दोन हुआन कार्लोस' म्हणावं, किंवा 'आधीचा राजा' म्हणावं, आणि किताबच सांगायचा असेल तर डिक्रीतला ओनोरिफिको आहे.

इथे शब्दाचा संबंध थेट कायद्याशीही येतो. स्पेनच्या घटनेच्या ५६ व्या कलमात राजावर खटला भरता येत नाही असं लिहिलंय. हे संरक्षण गादीवर असलेल्या राजाला आहे. मानाखातर रेय म्हणवणाऱ्याला नाही, आणि म्हणूनच जुलै २०१४ मध्ये घाईघाईनं वेगळा कायदा करावा लागला की त्याच्यावरचे खटले थेट सुप्रीम कोर्टात चालतील. एकाच वेळी देशात दोन रेय, त्यातल्या एकाला संरक्षण आहे आणि एकाला नाही, आणि सामान्य वाचकाला शब्दावरून काहीच कळायला मार्ग नाही. राजेशाही नको म्हणणाऱ्यांना तर याची काळजी जास्त असायला पाहिजे. सगळे किताब फालतू आहेत म्हणून शब्दांकडे दुर्लक्ष केलं की उत्तरदायित्व कुणाचं आणि कुठून कुठपर्यंत तेच धूसर होतं.

जाता जाता, 'फामिलिया रेआल' आणि 'फामिलिया देल रेय' यातला फरकही लोक सहज पुसतात. पहिल्यात राजा, राणी, दोन मुली आणि राजाचे आईवडील. राजाच्या बहिणी एलेना आणि क्रिस्तिना २०१४ पासून दुसऱ्यात. २०१५ मध्ये क्रिस्तिनाचा पाल्मा दे मायोर्काची डचेस हा किताब भावानं काढून घेतला तरी ती इन्फान्ता राहिली, कारण तो जन्मानं मिळालेला आहे.

आणि इन्फान्ता म्हटलं की मला मराठीकडे यावंच लागतं. लेओनोरची धाकटी बहीण सोफीया ही इन्फान्ता आहे, प्रिन्सेसा नाही. स्पॅनिशमध्ये या दोन शब्दांत गल्लत होत नाही, देशात प्रिन्सेसा एकच, जी वारस आहे ती. पण आपल्याकडे स्पेनची बातमी इंग्रजीतून येते आणि इंग्रजीत दोघीही प्रिन्सेस, मग आपल्या पेपरात आणि वेबसाइटवर 'प्रिन्सेस लेओनोर आणि प्रिन्सेस सोफिया' असं छापून येतं आणि मुख्य गोष्टच हरवते. मी बरीच वर्षं स्पॅनिश पेपर वाचते आणि अधूनमधून मराठीत भाषांतरं करते, मला दर वेळी वाटतं की ही गल्लत करायचं मराठीला काहीच कारण नाही. युवराज्ञी आणि राजकन्या हे दोन शब्द आपल्याकडे आयते आहेत. लेओनोर युवराज्ञी, सोफीया राजकन्या. झालं की काम. इंग्रजीला हा फरक एका शब्दात दाखवता येत नाही, मराठीला येतो, तर इंग्रजीची अडचण आपण कशाला अंगावर घ्यायची.

हे आपल्यापासून वाटतं तितकं लांबचंही नाही. १५८० ते १६४० अशी साठ वर्षं पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजांकडे होती, म्हणजे गोव्याचे व्हाइसरॉय तेव्हा ज्यांच्या नावानं कारभार करत होते ते फेलिपेच, फक्त पोर्तुगालमध्ये त्यांचा नंबर एकानं कमी, स्पेनचा दुसरा तो तिकडे पहिला. हा नंबरसुद्धा मुद्दाम जपलेला होता, आमचं राज्य वेगळं आहे, तुमच्यात विरघळलेलं नाही, हे सांगण्यासाठी. इन्फान्ते-इन्फान्ता हे शब्द पोर्तुगीजमध्येही तसेच आहेत. १६६१ च्या लग्नाच्या तहात जिच्याबरोबर मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली ती कातारिना दे ब्रागान्सा इन्फान्ता होती, गादीवर तिचा भाऊ होता, तिला आपण राजकन्या म्हणतो ते अगदी बरोबर आहे. आणि समुद्रमोहिमांमुळे आपल्याला शाळेपासून माहीत असलेला 'प्रिन्स हेन्री', तो त्याच्या देशात, पोर्तुगालमध्ये, इन्फान्ते दोम एन्रिके आहे, राजाचा धाकटा मुलगा, गादी त्याच्या मोठ्या भावाला मिळाली. प्रिन्स हे इंग्रजीनं चिकटवलेलं.

परत माद्रिदला येते. स्पेनमध्ये किताबांचे शब्द सरकारनं ठरवणं ही काही नवी गोष्ट नाही. कार्लोस पहिला १५१९ मध्ये सम्राट म्हणून निवडला गेला आणि त्यानंतर माहेस्ताद हा मान तिकडे रुळला, त्याआधी इसाबेल-फेर्नांदोला आल्तेसाच म्हणत. मग मानाच्या शब्दांची इतकी चढाओढ लागली की फेलिपे दुसऱ्यानं १५८६ मध्ये कायदा करून सांगितलं, मला पत्राच्या वरती नुसतं 'सेन्योर' लिहा, बास. जगातल्या सगळ्यात मोठ्या साम्राज्याच्या राजाला स्वतःचा किताब आखूड करता आला, तर आजच्या मंत्रिमंडळाला एक वाक्य बदलायला काय हरकत आहे.

२०१४ मध्ये घोषणा ते नवा राजा यात सतरा दिवस होते आणि तेवढ्यात सगळे शब्द बसवायचे होते, म्हणूनच एमेरितो पेपरांनी ठरवला आणि ओनोरिफिको कागदात पडून राहिला. तसंच परत व्हायला नको. लेओनोरचं लग्न ठरल्यावर हा प्रश्न काढला तर तो त्या एका माणसाबद्दलचा वाद होईल, तो कुठल्या देशाचा, काय काम करतो, दिसतो कसा, त्याला राजा म्हणायचं का, आणि मूळ मुद्दा बाजूला पडेल. आत्ता तो माणूसच नाहीये. पहिल्या कलमातली जोडीदारांबद्दलची दोन्ही वाक्यं काढून एकच ठेवावं, की गादीवरच्या व्यक्तीचा जोडीदार, लग्न टिकून असेपर्यंत किंवा तो वा ती मागे एकटी राहील तोपर्यंत, रेय कोन्सोर्ते किंवा रेइना कोन्सोर्ते म्हणवला जाईल आणि त्याला वा तिला माहेस्ताद हा मान राहील. सुरुवात लेतिसियाच्या कागदांपासून करावी.